कण्हेरीच्या पानाचा छेद

साहेबांनी मायक्रोस्कोप घेतला, तो त्यांना काही बघायचं होतं म्हणून नव्हे. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त इंजिनिअरने व्हायोलिन शिकायला सुरुवात केली होती आणि जिन्यात भेटेल त्याला तो ते ऐकवत होता. साहेबांकडे ऐकवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मायक्रोस्कोप.

साहेब म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. विमा कंपनीत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा शाखेचे मुख्य म्हणून. त्या सहा वर्षांत हाताखालची माणसं त्यांना साहेब म्हणायची, आणि निवृत्त झाल्यावर ही सवय मोडू नये म्हणून त्यांनी ती घरच्यांना लावली. माझी बहीणही त्यांना चारचौघांत साहेबच म्हणते. मीही म्हणते. पण मी ज्या सुरात म्हणते तो त्यांना अजून कळलेला नाही.

मी स्वतः एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, आतड्याचे तुकडे, कातडीचे कण माझ्याकडे यायचे. ते मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, यंत्रावर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचपट्टीवर चढवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. डॉक्टर दोन मिनिटं बघायचे आणि सही करायचे. नाव त्यांचं, काप माझा. मी त्याचं कधी व्हायोलिन केलं नाही.

तर पहिल्याच आठवड्यात साहेबांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. काळ्या जाड कडांची पांढरी गरगरीत वर्तुळं. खाली ओळ: ‘पेशी. जीवनाचा मूळ घटक, प्रथमच माझ्या नजरेतून.’ एकोणीस जणांनी अंगठे दाखवले. एका मामेबहिणीला तर भरून आलं. मी लिहिलं, ‘हे हवेचे बुडबुडे आहेत.’

दोन आठवडे तिकडून अवाक्षर नाही. मग बहिणीचा फोन आला.

“ताई, हे म्हणतायत, एकदा येऊन बघशील का?”

“त्यांना फोन करता येत नाही?”

“ते कामात आहेत.”

“कसल्या कामात?”

“माझ्या शेजारीच उभे आहेत,” असं हळूच म्हणाली.

गेले. भाची नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून तिच्या खोलीत माझी बहीण आपलं काम घेऊन बसायची. ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला रफू करून देते. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, पॅंटला खिळ्याने निघालेली खोच, असलं काय काय. आता तिचं टेबल बाहेर पॅसेजमध्ये आलं होतं, चपलांचं कपाट आणि विजेचा मीटर यांच्या मधे. खोलीच्या दारावर पितळी पाटी होती, ‘संशोधन कक्ष’. आत मायक्रोस्कोप, त्यावर कॅमेरा, दोन पडदे असलेला कॉम्प्युटर, फिरती खुर्ची, आणि एका बशीत भाजीच्या सुरीने चिरलेल्या देठाच्या चकत्या. काकडीच्या कोशिंबिरीला शोभतील अशा.

“लेन्समध्ये काही तरी दोष आहे, ताई,” साहेब म्हणाले. “सगळं काळं दिसतं.”

“लेन्स बरी आहे. हे एवढं जाड आहे की त्यातून उजेड जात नाही.”

“पण मी सर्वांत महागडं मॉडेल घेतलंय.”

मी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे असतो तसा उघडा वस्तरा, दोन गाजरं, एक बारीक ब्रश आणि रंगाच्या दोन बाटल्या घेऊन परत गेले.

काम अवघड नाही, पण हाताचं आहे. देठ नुसता धरला तर दबतो, म्हणून गाजराच्या तुकड्याला चीर देऊन तो त्यात बसवायचा. वस्तरा ओला, गाजर ओलं. पातं आपल्याकडे एका ओढीत सरकवायचं, करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही. असे वीस-पंचवीस काप काढायचे, पाण्याच्या बशीत सोडायचे, आणि त्यातला जो दिसतोय की नाही अशी शंका येते तो ब्रशने उचलायचा. मग रंग. लाल रंग कठीण भाग धरतो, निळा मऊ भाग. धुऊन काचपट्टीवर थेंबभर ग्लिसरीन, त्यात काप, आणि वरची पातळ काच एका कडेने टेकवून हळू हळू खाली सोडायची. धाडकन टाकली की साहेबांच्या ‘पेशी’ तयार होतात.

हे सगळं मी साहेबांना दाखवत होते. साहेब खुर्चीत, मी टेबलाशी, आणि बहीण पाण्याची बशी धरून उभी. तिला मी दोनदा ओरडले, बशी हलवू नकोस म्हणून.

साहेबांनी वस्तरा घेतला, पहिल्याच ओढीला अंगठा कापून घेतला आणि वस्तरा खाली ठेवला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही.

“हे मजुरीचं काम झालं, ताई,” अंगठ्याला पट्टी बांधून घेता घेता ते म्हणाले. पट्टी अर्थातच माझी बहीण बांधत होती. “खरी कला पुढे आहे. फोटोग्राफीत.”

मी तिथूनच उठून जायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर माझे हात नुसते पडून होते, आणि वस्तरा हातात आल्यावर मला बरं वाटलं होतं. शिवाय साहेबांची कीव करायला एवढी आरामशीर जागा दुसरीकडे मिळाली नसती. म्हणून दर मंगळवारी दुपारी जायला लागले. मी काप काढायचे, छोट्या कुप्यांत स्पिरिटमध्ये घालून वर चिठ्ठी लावायचे: सूर्यफूल, मका, भोपळा, कण्हेर. कण्हेरीने मात्र मला दाद दिली नाही. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, त्यांत केस असतात, आणि त्या केसांआड पान श्वास घेतं. काप जरा जाड राहिला तर ते दिसत नाहीत आणि पातळ काढायला जावं तर केस ओढले जाऊन खळगा रिकामा होतो. मी चार मंगळवार घालवले. नंतर म्हटलं, चालतंय.

साहेब फोटो काढायचे. एका कापाचे चाळीस-चाळीस फोटो, दरवेळी फोकसचं चाक तिळभर फिरवून, आणि मग कॉम्प्युटर ते एकावर एक बसवून एक स्वच्छ चित्र करून द्यायचा. कॉम्प्युटर हे करत असताना साहेब हाताची घडी घालून पडद्याकडे बघत उभे राहायचे, जणू बाळंतपण चाललंय. त्यानंतर एक तास शीर्षकाला. भोपळ्याच्या वेलीला त्यांनी ‘नलिकांचे महानगर’ म्हटलं. मक्याला ‘हजार चेहरे’. मला विचारलं, कसं वाटतं? मी म्हटलं, मका वाटतो.

गावातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हौशी मंडळींचं एक सूक्ष्मदर्शन मंडळ भरायचं. साहेब त्याचे सभासद झाले. अध्यक्ष एक दातांचे डॉक्टर, बाकी चष्म्यांचं दुकान असलेला एक चष्मेवाला, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई आणि दहा-बारा असेच फावल्या वेळाचे शास्त्रज्ञ. ही मंडळी दर पंधरा दिवसांनी जमून एकमेकांच्या डबक्यातलं पाणी बघायची आणि वा वा करायची. मी एकदा गेले होते. चष्मेवाल्याने मुंगीचा पाय दाखवला, आणि तो अर्धा तास त्या पायाबद्दल बोलला. मुंगीला स्वतःलाही त्या पायाबद्दल एवढं बोलायचं नसतं.

मग माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे बारीक काम करायचं नाही म्हणून बजावलं. साहेबांना कळवलं तर ते म्हणाले, “हरकत नाही, कुप्या भरलेल्या आहेत.” डोळा कसा आहे हे बहिणीने विचारलं. ती रोज डबा पाठवायची आणि दर दोन दिवसांनी येऊन जायची. यायची, बसायची, माझं ऐकायची. ती फारशी बोलत नाही. लहानपणापासून मी बोलते आणि ती हं म्हणते, असंच आमचं चालत आलेलं.

सहा आठवड्यांनी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं. साहेबांच्या फोटोला पहिलं बक्षीस जाहीर झालं. रविवारी दुपारी चार वाजता समारंभ. मी आणि बहीण तिसऱ्या रांगेत बसलो. स्टेजवर दाराएवढी मोठी प्रत लावली होती: कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद, वरची जाड लाल कड, खाली निळ्या पेशींच्या उभ्या ओळी, आणि तळाशी ते खळगे. शीर्षक ‘श्वासाच्या गुहा’. शीर्षक वाईट नव्हतं, याचाही मला राग आला.

साहेब बोलायला उभे राहिले.

“लोक विचारतात, हे कसं साधलं? मी सांगतो, धीर लागतो. एका पानासाठी महिना महिना घालवावा लागतो. वस्तरा हातात घेतला की श्वास रोखायचा. अनेकदा हात कापला…” इथे त्यांनी अंगठा वर करून दाखवला. “पण थांबलो नाही. माझ्या बोटांनाच आता डोळे फुटलेत म्हणा ना.”

टाळ्या. चित्रकलेच्या बाईंनी तर रुमाल काढला.

माझी कानशिलं तापली. एकतीस वर्षं डॉक्टरांच्या सह्या बघितल्या, पण कुठल्या डॉक्टरने मीच काप काढला म्हणून अंगठा दाखवला नव्हता. ठरवलं, आता उठायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की या माणसाने वस्तरा आयुष्यात एकदा धरलाय, तोही उलटा. खुर्चीवरून उठलेच होते, तोच बहिणीने माझं मनगट धरलं.

“बस, ताई.”

“सोड. तू घाल पाठीशी त्यांना. माझं काम आहे ते.”

“ते तुझं नाहीये.”

“म्हणजे?”

“नीट बघ ना जरा.”

मला वाटलं, नवऱ्याची अब्रू सांभाळतेय. पण मी बघितलं. नव्या डोळ्याने पहिल्यांदाच लांबचं इतकं लख्ख दिसत होतं, आणि तरी आल्यापासून मी त्या चित्राकडे फक्त आपलं म्हणून बघितलं होतं, काय आहे ते बघितलंच नव्हतं. प्रत्येक खळग्यात केस जागच्या जागी होते. एकही ओढला गेला नव्हता. कापाची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. माझा काप डाव्या बाजूला नेहमी किंचित जाड राहतो. लॅबमध्ये यंत्र होतं म्हणून ते कधी कुणाला कळलं नाही.

मी बहिणीकडे वळले. ती समोर बघत होती.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. दातांचे डॉक्टर असल्यामुळे समोरच्याला बोलता येऊ नये अशा वेळी प्रश्न विचारायची त्यांना सवय असावी. “साहेब, आमच्या सभासदांची एक विनंती आहे. खालीच फाटकाशी कण्हेर आहे. चष्मेवाल्यांनी पान आणलंय, वस्तरा, ब्रश, बशी, रंग सगळं आणलंय, मायक्रोस्कोप इथे आहेच. एक काप काढून दाखवा ना. आम्हाला शिकायला मिळेल.”

पुन्हा टाळ्या. साहेबांचा चेहरा विम्याचा दावा फेटाळला गेलेल्या माणसासारखा झाला. “आत्ता? इथे उजेड बरोबर नाही…”

चष्मेवाल्याने दिवा लावला.

“गाजर हवं…”

गाजरही आणलेलं होतं.

साहेबांनी वस्तरा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाकडे असं बघितलं नसेल. मी छताकडे बघायला लागले. छताला पंखा होता, त्याला तीन पाती होती, मी ती मोजली. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

मग शेजारची खुर्ची सरकली. माझी बहीण उठली होती. ती बाह्या वर करत पुढे गेली, स्टेजच्या दोन पायऱ्या चढली, नवऱ्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि म्हणाली, “तुम्ही जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

तिने गाजराला चीर दिली. पानाचा नखाएवढा तुकडा कापून आत बसवला. वस्तरा पाण्यात बुडवला. तिची पद्धत माझी नव्हती. मी कोपरापासून ओढते, ती मनगटही हलवत नव्हती, नुसती बोटं आत घेत होती, धागा ओढताना घेतात तशी. सात ओढी मारल्या असतील. मी पंचवीस मारते. बशीत ब्रशने काही तरी उचललं, मला तिसऱ्या रांगेतून ब्रशच्या टोकाला काहीच दिसलं नाही. रंग, पाणी, पुन्हा रंग. काच टेकवली, सोडली.

अध्यक्ष डोळा लावून वाकले. वाकलेच राहिले. चष्मेवाला म्हणाला, “अहो, आम्हालाही बघू द्या.” मग रांग लागली. हॉलमधली सगळी माणसं एकेक करून त्या पानात डोकावून आली. तिथून बाजूला होताना कुणाच्याही तोंडून वा वा आलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

साहेब एव्हाना सावरले होते. “घरी सराव करून घेतलाय मी तिच्याकडून,” ते अध्यक्षांना म्हणाले. “आमच्याकडे ती पद्धतच आहे. मी मार्गदर्शन करतो.”

“नाही,” बहीण म्हणाली. आवाज चढवला नाही. “ताईने शिकवलं. ती तिथे बसलीय. वस्तरा यांनी एकदाच धरला होता. फोटो मात्र यांचाच आहे, आणि तो चांगला आलाय. माझ्या एवढ्याशा तुकड्यातून एवढं काढायला वेळ लागतो.”

ही शेवटची दोन वाक्यं मला अजून पटलेली नाहीत. मी असते तर फोटोचं नाव काढलं नसतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला, चित्राखालच्या कार्डावर दुरुस्ती व्हायला हवी असं म्हणाले. साहेबांनी खिशातलं पेन काढून कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘साहाय्य’ असं लिहिलं आणि पुढे बायकोचं नाव लिहायला लागले. चित्रकलेच्या बाईंनी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, फाडलं आणि नवीन लिहिलं. वरच्या ओळीत छेद घेणारीचं नाव, खालच्या ओळीत फोटो काढणाऱ्याचं. दोन्हींची अक्षरं सारख्याच उंचीची. नोकरीत असताना ती बाई बरी शिकवत असावी.

घरी साहेब रिक्षाने गेले. त्यांना प्रमाणपत्र वाकू द्यायचं नव्हतं. आम्ही दोघी चालत निघालो.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“तुझा डोळा झाला तेव्हापासून. दुपारी हे झोपतात. तेव्हा मी पॅसेजमध्ये बसायचे.”

“आणि त्यांना पत्ता नाही?”

“कुपीवर तुझी चिठ्ठी होती. मी माझे काप त्यातच टाकले. ते म्हणाले, जुन्यातूनच सापडलं, शोधणारी नजर लागते.”

“आणि मला? मला का नाही सांगितलंस? दर दोन दिवसांनी येत होतीस.”

ती थोडी चालली. “सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

उत्तर मला माहीत होतं. मी म्हणाले असते, राहू दे, ते तुला नाही जमायचं, पातं खराब करशील. हेच शब्द, याच क्रमाने. आणि पुढे लॅबमधली एखादी गोष्ट सांगितली असती, आणि तिने हं म्हटलं असतं.

“तेच,” ती म्हणाली, जणू मी मोठ्याने बोलले होते. “तू ओरडलीस ना, बशी हलवू नकोस म्हणून. बशी नव्हती हलत. तुझा हात बशीला लागत होता.”

साहेबांना मी मूर्ख समजत होते, ते आहेतच. त्यात मला काही बदल करावासा वाटत नाही. पण साठ वर्षं मी माझ्या बहिणीलाही त्याच खात्यात टाकून ठेवलं होतं, फक्त जरा मायेने, आणि मायेने केलेली तुच्छताही तुच्छताच असते हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. फुटपाथवर त्या क्षणी मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. मग आम्ही रस्ता ओलांडला.

साहेबांनी महिन्याभरात मायक्रोस्कोपचा नाद सोडला. आता त्यांनी दुर्बीण घेतलीय. ताऱ्यांचे काप काढावे लागत नाहीत. पितळी पाटी गच्चीच्या दाराला लागली आणि बहिणीचं टेबल परत खोलीत गेलं, मायक्रोस्कोपच्या शेजारी. ती रफूची कामं सकाळी उरकते. दुपारी वस्तरा काढते. फोटोही स्वतः काढते, शीर्षक देत नाही, नुसतं पानाचं नाव लिहिते.

मी अजून मंगळवारी जाते. तिने एकदा काप माझ्यापुढे केले आणि म्हणाली, “रंगव. रंग तुझाच चांगला बसतो.” मी रंगवते.

मागच्या मंगळवारी अध्यक्ष घरी आले होते. मंडळाला दोन दिवसांचा वर्ग घ्यायचाय. काप काढायला बहीण शिकवेल हे त्यांचं ठरलेलंच होतं, तिच्याशी बोलून तारखाही पक्क्या केल्या. मग माझ्याकडे वळले आणि फार अदबीने म्हणाले, “आणि ताई, तुम्ही बहिणीच्या मदतनीस म्हणून याल का? रंगाच्या बाटल्या, पाण्याच्या बशा, एवढं बघायला?”

बहीण खाली मान घालून कुपीवर चिठ्ठी चिकटवत होती. हसत होती की नाही, मला दिसलं नाही.

मी म्हणाले, विचार करून सांगते. आठवडा झाला. अजून सांगितलेलं नाही.